एका मात्रेचा फरक

सोनकांबळे डॉक्टर मोटारीचं बॉनेट कधी एकदम उघडत नसत. आधी उजव्या हाताची पालथी बाजू पत्र्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तसेच उभे राहायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, हा माणूस मोटारीची माफी मागतोय. मग बॉनेट उघडून तोच पालथा हात रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपवर, तिथून खालच्या पाइपवर. "वर चटका बसतोय आणि खाली गार," ते स्वतःशीच म्हणायचे. "पोट तापलंय, कान गार. अशी म्हैस दारात आली की मी मालकाला आधी बसायला सांगायचो, पाणी द्यायचो. मग काय ते खरं सांगायचो."

ते जनावरांचे डॉक्टर होते. नोकरीची सुरुवात किनवटच्या जंगलपट्टीत झाली, मग नांदेड जिल्ह्यातली तीन-चार गावं, शेवटी लातूर. लातूरलाच निवृत्त झाले आणि आमच्या शेजारी घर बांधून राहिले. दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. आमचा आठ-नऊ वर्षांचा सगळा शेजार त्या भिंतीवर कोपरं टेकून झाला. किनवटकडची बोली त्यांच्या जिभेवरून शेवटपर्यंत गेली नाही. सकाळी भिंतीपाशी आले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय करून राहिले, बिराजदार साहेब?"

मी साहेब वगैरे कुणी नाही. बांधकामाची मोजमापं तपासणं हे माझं काम. टेप लावायची, आकडा वाचायचा, जो असेल तो सांगायचा. या सवयीचा घरात फारसा गौरव नाही. भाजीत मीठ किती कमी आहे हेसुद्धा मी नेमकं सांगतो, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. डॉक्टरांना मात्र नेमकं तेच आवडलं. "तुम्ही आकडा वाढवत नाही अन् कमीही करत नाही," ते म्हणाले. "घरच्यांना त्रास होत असेल. मला तुमचा उपयोग आहे." तेव्हापासून मोटारीच्या पाण्याचा ताप बघणं हे माझं काम झालं. पहिल्या दिवशी त्यांनी त्यासाठी जनावरांचाच तापमापक वापरला होता. रेडिएटरमध्ये घातला आणि काच तडकून पारा बाहेर आला. सोनकांबळे वहिनी दारातूनच म्हणाल्या, "बघा, औषधाआधीच डॉक्टर हरले." मग मी दुकानातून प्रयोगशाळेतला लांब तापमापक आणला.

ती मोटार आली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. विलायती बनावटीची, स्वातंत्र्याच्या थोडी आधीची, फुगीर गालांची, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. मागच्या सीटवर कोंबड्यांनी अनेक पिढ्या वाढवल्या होत्या. लातूरपलीकडं मुरुडजवळ, डॉक्टरांच्या मूळ गावात, जमीनदाराच्या पडक्या गोठ्यात ती कडब्याखाली उभी होती. जमीनदाराच्या नातवाला गोठा पाडायचा होता. न्यायची तर न्या, म्हणाला. डॉक्टर स्वतः ट्रॉलीत तिच्याशेजारी उभे राहून आले. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "पस्तीस वर्षं दुसऱ्याची आजारी जनावरं बघितली," त्या म्हणाल्या, "आता मेलेलं घरी घेऊन आले."

"मेलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "धुगधुगी आहे."

ट्रॉलीभोवती पोरं, शेजारी, सगळे गोळा झाले होते. त्यांच्या मागं, बाजेवरून उठून, काठी टेकत एक म्हातारा आला. डॉक्टरांचे वडील, आबा. नव्वदीच्या आसपासचे, वाळलेल्या शेंगेसारखे. त्यांनी मोटारीच्या तोंडापुढं उभं राहून तिच्याकडं पाहिलं. हात लावला नाही. "हीच हाय," एवढंच म्हणाले आणि परत बाजेवर जाऊन बसले.

ही मोटार डॉक्टरांना कशासाठी हवी होती, ते कळायला आबांची गोष्ट माहीत पाहिजे. आमच्या गल्लीत ती सगळ्यांना माहीत होती, कारण आबा ती येईल त्याला सांगत. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. आबा सोळा वर्षांचे. उन्हाळ्यात गावाबाहेरच्या ओढ्याजवळ मालकाची मोटार बंद पडली, तोंडातून वाफा निघायला लागल्या. ढकलायला महारवाड्यातून पोरं बोलावली. आबांनी पाहिलं की मोटारीला पाणी पाहिजे. ते ओढ्यावर पळत गेले, तारेची कडी लावलेला पत्र्याचा डबा भरून आणला. ड्रायव्हर डब्याकडं बघून ओरडला. इथं आल्यावर आबांचा आवाज बदलायचा. एरवी ते 'नगं' म्हणत, पण या एका वाक्यात ड्रायव्हरचा शुद्ध, करडा उच्चार ते जसाच्या तसा काढत: "हात लावू नको!" मग पुन्हा आपल्या बोलीत येत. "डबा खाली ठिवला. मला हाकललं. डायवर गावात गेला पाणी आणाया, चांगल्या हातचं. तवर मोटार जळत व्हती. जळू दिली, पर माझं पाणी न्हाई चाललं."

गोष्ट इथं संपायची. ऐकणारे मान हलवायचे. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, पुढं आबांचा मुलगा शिकला, डॉक्टर झाला. डॉक्टर म्हणायचे, "माझं सगळं शिक्षण त्या डब्यातल्या पाण्यावर झालं. अभ्यासात झोप आली की आबा गोष्ट सांगायचे. झोप उडायची."

त्यांच्या मनात एकच होतं. मोटार चालू करायची, आबांना पुढच्या सीटवर बसवायचं, लातूरहून त्या ओढ्यापर्यंत न्यायचं. तिथं थांबायचं आणि आबांनी स्वतःच्या हातानं मोटारीत पाणी ओतायचं. मग गावात जायचं, ज्या वेशीतून ती मोटार यायची त्याच वेशीतून. आबा थकत चालले होते. आधी दोन वेळा फाटकापर्यंत जायचे, मग एकदा, मग बाजेवरूनच हाका. डॉक्टरांना घाई होती, पण निदानात घाई करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

इंजिन सुरू करायलाच वर्षाहून जास्त गेलं. ज्या दिवशी ते धडधडलं त्या दिवशी आबा बाजेवर उठून बसले आणि वहिनींनी शिरा केला. मोटार गल्लीतून निघाली, रिंग रोडपर्यंत गेली, आणि तिथं जी वाफ निघाली ती पोरांनी धावत येऊन बघितली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. चाल उत्तम, आवाज गोड, आणि थोडं अंतर गेलं की पाणी उकळून बाहेर. मी तापमापक धरून आकडा सांगायचो, डॉक्टर मान हलवायचे.

त्यांची निदानाची पद्धत सरळ होती. एका वेळी एकच शंका घ्यायची, ती पुरती मिटल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. पहिला संशय आमच्या लातूरच्या पाण्यावर. गल्लीत बोअरचं पाणी, इतकं जड की बादलीला पांढरी साय धरते. आम्ही टंचाईची वर्षं काढलेली माणसं. गोडं पाणी मोटारीला घालायची कुणाची छाती होत नाही. सुरुवातीला डॉक्टरांनीही बोअरचंच घातलं होतं. त्यांनी रेडिएटर खोलून धुतला, आतून चुन्याचे पापुद्रे निघाले. "मुतखडा," ते समाधानानं म्हणाले. मोटार पुन्हा रिंग रोडला उकळली. मग पंख्याचा पट्टा बदलला. मग पाण्याचा पंप. मग पाणी अडवणारी झडप कुण्या जुन्या मिस्त्रीनं काढून टाकलेली निघाली, तशी दुसरी शोधून बसवली. प्रत्येक वेळी मोटार थोडी पुढं जायची आणि उकळायची, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर तेच म्हणायचे, "औषध बरोबर आहे, साहेब. मात्रा कमी पडली."

गल्लीत थट्टा सुरू झाली. समोरचे मास्तर म्हणाले, "डॉक्टर, कोकम सरबत घालून बघा." डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "बघितलं असतं. तिला साखर चालत नाही."

मग एक दिवस त्यांनी मला रेडिएटरमध्ये बघायला सांगितलं. इंजिन चालू, झाकण उघडं. पाण्यात बारीक बुडबुडे येत होते, उकळीच्या आधीच, गार पाण्यात. डॉक्टरांनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून दाखवली. तेलाचं ताक झालं होतं. पाणी तेलात जात होतं आणि इंजिनातला जाळ पाण्यात येत होता. "बाहेर काही नाही," ते म्हणाले. "आजार आत आहे." वरच्या भागाखालची गॅस्केट, म्हणजे सांधा बुजवणारी पट्टी, गेली असावी, असं त्यांना वाटलं. ती बदलली. बुडबुडे तसेच राहिले.

शेवटी इंजिन उतरवलं आणि टेम्पोत घालून आम्ही दोघं नांदेडला खलीलभाईंकडं नेलं. जुन्या इंजिनांत त्यांचं नाव होतं, आणि ते नाव मोठं करण्यात त्यांचा स्वतःचा हातभार जास्त होता. "हौ डॉक्टरसाब, टेन्शन नक्को लेओ," त्यांनी बघायच्या आधीच सांगितलं. "इसको मै शादी की गाडी बना देतूँ. तुम बस हार लेके आओ." त्यांनी वरचा भाग घासून सपाट केला आणि पाठवला. उपयोग झाला नाही. आम्ही पुन्हा नेलं. "तो गाडी में नै, तुम्हारे पानी में गडबड है," म्हणाले आणि पुन्हा घासला. तिसऱ्या वेळी आम्ही गेलो तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी सगळी तोंडं बंद करून इंजिनाच्या पोटात हवा भरली, वरून साबणाचं पाणी फिरवलं आणि आम्हाला वाकायला सांगितलं. दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीतून साबणाचा एक फुगा हळूहळू वर येत होता. तिथं केसाएवढी भेग होती. आत जुना, काळा गंज बसलेला.

"ये आज का नै," खलीलभाई म्हणाले. "ये बाप-दादा के जमाने का है. किसी ने उबलते इंजिन में एकदम ठंडा पानी डाला. लोहा चटक गया." मग हात पुसत म्हणाले, "डॉक्टरसाब, ये मरीज नै. मय्यत है. तुम सत्तर साल बाद नब्ज देख रै."

डॉक्टरांनी विचारलं, दुसरं इंजिन? ते कुठं मिळणार, जगात कुणाच्या गोठ्यात असलं तर. वेल्डिंग? या जुन्या ओतीव लोखंडाला धरत नाही, उलट भेग वाढते. खलीलभाईंनी भेगेवर ओळीनं बारीक पितळी खिळे ठोकून दिले. शिवणच ती. "टाके डाल दिया. ठंडी में, धीरे-धीरे, थोडा दूर. गरम हुई तो टाके निकल जाते. फिर मेरे पास नक्को लाओ."

परतीच्या वाटेवर लोहा गाव मागं पडल्यावर डॉक्टर एकदम बोलले. "साहेब, मी कधी शेतकऱ्याच्या सांगण्यावर औषध दिलं नाही. जनावर बोलत नाही, म्हणून खोटंही बोलत नाही. खोटं बोलतो तो मालक. म्हणून मालकाला उलटसुलट विचारायचं. या मोटारीचा इतिहास मात्र मी कुणालाच विचारला नाही. तो मला लहानपणापासून पाठ होता ना." मग बोटांवर मोजत म्हणाले, "ड्रायव्हर गावात गेला. पायी. पाणी घेऊन परत आला, तोवर इंजिन निवलं असणार. निवलेल्या इंजिनात ओतलेल्या पाण्यानं लोखंड तडकत नाही."

त्याच आठवड्यात दुपारी मी भिंतीपाशी होतो. आबा बाजेवर, डॉक्टर खाली पायरीवर. डॉक्टरांनी अगदी दवाखान्यातल्या आवाजात सुरुवात केली.

"आबा, डायवर गावातून पाणी घेऊन यायला लई वेळ लागला का?"

"लई येळ. सावली पार सरकली."

"मग त्यानं ओतलं तेव्हा मोटारीतून काही आवाज आला?"

"आला की. ठण्णदिशी. तांब्या फरशीवर पडल्यावानी."

"पण आबा, तुम्हाला तर त्यानं आधीच हाकललं होतं. आवाज तुम्ही कसा ऐकला?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. आबांनी काठी बाजेला टेकवून ठेवली, ती घसरून पडली, कुणी उचलली नाही.

"म्या वतलं," आबा म्हणाले.

"काय?"

"पाणी. डायवर गेल्ता. मालक लिंबाखाली निजलेला. बाकीची पोरं वढ्यात. म्या फडक्यानं झाकण काढलं आन डबा वतला. समदा." त्यांचा चेहरा उजळला होता. एवढा उजळलेला मी तो कधी पाहिला नव्हता. "पिली रं ती. घटाघटा पिली माझ्या हातचं. आन मग ठण्ण झालं. म्या डबा घिऊन पळालो. त्येन्ला वाटलं, तापून फुटली."

"मग इतकी वर्षं गोष्टीत..."

"गोष्टीत काय सांगू? मालकाची मोटार म्या फोडली म्हणून? वस्ती जाळली आसती. आदी भ्यानं न्हाई सांगितलं. मग तू तेवढ्याच गोष्टीवर शिकाया लागलास. मग कशाला सांगू?"

संध्याकाळी डॉक्टर भिंतीपाशी आले. 'काय करून राहिले' म्हणाले नाहीत. "निदान झालं, साहेब," म्हणाले. मग मोटारीकडं वळले. "बरं वाटतं. माझा बाप डबा खाली ठेवून गप्प बसला नव्हता. पण ज्या पाण्याचा मला अभिमान वाटायला पाहिजे, त्याच पाण्यानं ती मेलीय. आता मी तिला कशी उठवू?"

तरी ते निघाले. थंडीचे दिवस होते. आबांचं जेवण तुटलं होतं आणि पुढची थंडी त्यांना दिसेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मोटार टेम्पोवर ठेवून आबांना तिच्यात बसवून नेऊ, असं मी सुचवलं. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "मिरवणूक काढायचीय का? बाप चालत्या मोटारीत बसेल."

सकाळी ऊन पडायच्या आत आम्ही लातूर सोडलं. आबा पुढं, कोट घालून, मफलर बांधून. मागं मी, मांडीवर तापमापक, पायाशी पत्र्याचा डबा. डॉक्टरांनी मुद्दाम तसाच तयार करून घेतला होता, तारेची कडी लावून, आणि तो भरून घेतला होता. डॉक्टर इतकं हळू चालवत होते की सायकलवाले पुढं जात. आबा काचेतून बघत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. शेतात कुणी नव्हतं, तरी केला. रिंग रोड मागं पडला. बराच रस्ता मागं पडला. मला वाटलं, जमतंय. डॉक्टरांना वाटलं की नाही, माहीत नाही. ते नुसते ऐकत होते, मान थोडी वाकडी करून.

मुरुड अजून पुढं होतं. एका छोट्या चढावर आतून सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली. डॉक्टरांनी मोटार बाभळीच्या कडेला घेतली, उतरले, बॉनेट उघडलं. टाके निघाले होते. ते समोर वाकून बघत होते, म्हणून त्यांना आबा दिसले नाहीत. आबा आपले आपण उतरले. मागच्या दारातून डब्याकडं हात केला. मी, काय करावं ते न सुचून, डबा त्यांना दिला. काठी तिथंच टाकून, दोन्ही हातांनी डबा धरून ते पुढं गेले आणि वाफाळणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला.

डॉक्टरांनी मान वर केली आणि ओरडले, "हात लावू नका!"

कुणीही ओरडलं असतं. उकळतं पाणी तोंडावर आलं असतं, म्हाताऱ्याचे हात भाजले असते. पण शब्द बाहेर पडला आणि तो कुठून आलाय ते आम्हा तिघांनाही एकाच वेळी कळलं. आबांनी डबा खाली ठेवला. वाकून, सावकाश, एक थेंबही न सांडता.

"त्यो बी असंच म्हणलता," ते म्हणाले. रागानं नाही. ओळख पटल्यासारखं.

डॉक्टरांचा चेहरा मी सांगू शकत नाही. त्यांनी अंगातलं स्वेटर काढलं, झाकणाभोवती गुंडाळलं आणि झाकण फिरवलं. वाफेचा लोट वर गेला. तो ओसरल्यावर ते बाजूला सरकले, डबा उचलून आबांच्या पुढं धरला. "ओता आबा. फुटू द्या."

"नगं."

"मी सांगतोय ना. तिच्यात आता काही राहिलेलं नाही. ओता."

"नगं," आबा म्हणाले. "तवा त्येंची व्हती. आता तुझी हाय. फुटंल."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. आबांनी मान हलवली आणि बाभळीखाली जाऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, तहान लागलीय. डॉक्टरांनी त्याच डब्यातलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं. आबा प्यायले, तोंडावरून ओला हात फिरवला आणि झाडाला टेकून झोपले.

मी तापमापक घालून बघत होतो. आकडा उतरत होता, तो मी सांगत होतो. डॉक्टरांनी एकदाच म्हटलं, "राहू द्या, साहेब." पुरतं निवल्यावर त्यांनी स्वतः पाणी ओतलं आणि मोटार लातूरकडं वळवली. थांबत, निववत, कसेबसे आलो. फाटकाशी आबा जागे झाले. "आला व्हय वढा?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "न्हाई आबा. उद्या जाऊ."

आबा त्या थंडीतच गेले. शेवटच्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांना ते गोष्ट सांगत, आणि ती जुनीच सांगत, डबा खाली ठेवण्यापाशी संपणारी. डॉक्टर उशाशी बसून ऐकत. त्यांनी ती कधी दुरुस्त केली नाही.

मोटारीला त्यानंतर त्यांनी हात लावला नाही. ताडपत्री घातली. मी दोन-तीनदा विषय काढला. कुणीतरी बाहेरगावी तसलं इंजिन बघितलंय असं ऐकलं होतं, ते सांगितलं. "नको साहेब," ते म्हणाले. "रोगी असेल तर औषध." मग त्यांच्याच पायांवर सूज यायला लागली, जिना चढताना दम. वहिनी आणि ते नांदेडला मुलीकडं गेले. घर बंद झालं, भिंतीवर कोपर टेकायला कुणी उरलं नाही.

मी नांदेडला जाऊन आलो, ती आमची शेवटची भेट. ते खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. बोलता बोलता त्यांनी स्वतःच काढलं. "साहेब, तुम्ही साक्षीदार आहात. शब्दाला शब्द तेच वाक्य निघालं माझ्या तोंडून. ज्या वाक्याचा राग धरून मी एवढा शिकलो, तेच."

ते वाक्य मी अनेकदा मनात तपासलं होतं, मोजमाप तपासावं तसं. म्हणून म्हणालो, "नाही डॉक्टर. तेच नव्हतं. ड्रायव्हर 'नको' म्हणाला होता. तुम्ही 'नका' म्हणालात. लिहून बघितलं तर एका मात्रेचा फरक आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उगाच काही वाढवून सांगत नाही, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी हाताची पालथी बाजू माझ्या मनगटावर ठेवली आणि बॉनेटपाशी मिटायचे तसे डोळे मिटले.

"औषध बरोबर आहे, साहेब," ते म्हणाले. "मात्रा कमी पडते."